गुणपत्रिकेहून जीव मोठा

सोलापूरहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग केमवरून जातो. कुंकवासाठी ख्यात असलेल्या या करमाळे तालुक्यातील गावासारख्या कितीतरी गावांतून मुले शिकवणीसाठी लातूरची वा पुण्याची वाट धरतात. त्यांच्या सामानाबरोबर साऱ्या घराची उमेदही जाते, आणि ते ओझे ट्रंकेहून जड असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील. कोणत्याही अन्य राज्याहून हा आकडा मोठा. या सर्वांस परीक्षाच कारण झाली असे आम्ही म्हणत नाही. अशा घटनेमागे एकच एक कारण क्वचितच असते. परंतु परीक्षेचे भय कमी करणे आपल्या हाती आहे, म्हणूनच त्याविषयी बोलणे प्राप्त आहे.

हिशेब साधा आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी सुमारे २४ लाख नावे नोंदली गेली, एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे विसांतील एकोणिसांना ती जागा मिळणे गणितानेच अशक्य! त्या एकोणिसांना नालायक ठरविणारा समाज स्वतःच्याच लेकरांवर अन्याय करीत आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत मानहानी करू नये. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. हे योग्यच झाले. पण खेड्यातील शाळेने हा तज्ज्ञ शोधावा कोठे? जिल्हा परिषदेने तालुकावार तज्ज्ञांची नावे व भेटीचे वार जाहीर केल्याखेरीज ही तत्त्वे कागदावरच राहतील.

आम्हीही काही वर्षे हाती खडू धरला आहे. गोंगाट करणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाते. एकाएकी अबोल झालेला मुलगा मात्र शहाणा समजला जातो. वस्तुतः चिंता त्याचीच वाहावयास हवी. 'जगणे नकोसे वाटते काय?' असे मायेने विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा भ्रम आहे. विचारल्याने मन मोकळे होते. शासनाची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा अहोरात्र चालू असते; हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा.

आणि पालकांस एवढेच सांगावयाचे, की निकाल लागण्यापूर्वीच आपल्या मुलास एक वाक्य ऐकवा: 'काहीही होवो, तू घरी ये.' परीक्षा पुन्हा देता येते. दहावी-बारावीसाठी पुरवणी परीक्षेची सोय आहेच. गेलेला मुलगा मात्र पुन्हा येत नाही.