पांढऱ्या चट्ट्यासोबत काळा डागही बघा

वर्धा जिल्ह्याला माणसाची कातडी निरखून बघायची जुनी सवय आहे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना जवळ ठेवून स्वतः त्यांची शुश्रूषा केली. मीही कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरीभर याच गावांमधून फिरलो. आजही कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन बधिर चट्टे शोधतात. त्यांना काळ्या डागासाठी तळपाय आणि नखंही बघायला शिकवा, एवढीच माझी मागणी आहे.

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा काळा कर्करोग, गोऱ्या लोकांत उन्हामुळे होतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. आपल्याकडे तो विरळाच. पण होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. गायक बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ साली, ३६व्या वर्षी तो गेला.

आपल्या वावरात पऱ्हाटीचे खुंट लागतात, भोवऱ्या होतात. काळं काही दिसलं की घरचे म्हणतात, काटा मोडला असेल. देवळी तालुक्यातल्या एका बाईंच्या टाचेवरचा डाग भोवरी समजून ब्लेडने तासला गेला होता. मी पाहिला तेव्हा तो फुटलेला होता आणि जांघेत गाठ आली होती. ‘दुखतच नव्हतं न जी,’ त्या म्हणाल्या. हेच वाक्य मी कुष्ठरुग्णांकडून आयुष्यभर ऐकलं आहे.

या रोगात बरंचसं खोलीवर ठरतं. तुकडा तपासला की डाग किती मिलिमीटर आत गेला ते कळतं. एक मिलिमीटरच्या आत असेल, तर भोवतीची सेंटिमीटरभर निरोगी कातडी घेऊन तो काढला की बहुतेक जण बरे होतात. खोल गेला तर दोन सेंटिमीटरपर्यंत कापावं लागतं, जांघेतली ग्रंथीही तपासावी लागते. शरीरात पसरला की इम्युनोथेरपी, आणि तिचा खर्च लाखांत. कापूस विकून तो कोण भागवणार?

लोकांना घाबरवूही नये. सावळ्या माणसांच्या नखांवरची बारीक काळी रेघ पुष्कळदा निरुपद्रवी असते. एकाच नखावरची, रुंदावत कातडीवर उतरणारी रेघ आणि तळपायावरचा वाढत जाणारा, वेडावाकडा डाग मात्र लगेच दाखवावा. तासू नये, जाळू नये.

सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथल्या त्वचारोग विभागांनी आशाताईंना एक दिवस शिकवावं आणि पुढच्या मोहिमेच्या फॉर्मवर तळपायाचा रकाना यावा. या वाढीव कामाचा मोबदलाही त्यांना वेगळा आणि वेळेवर मिळावा.