चांदीच्या ब्रोचवरचा असईचा हत्ती

स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणींतले अधिकारी समारंभाच्या पोशाखात डाव्या खांद्यावर चौकड्यांचे लोकरी वस्त्र घेत. त्याला प्लेड म्हणतात. ते खांद्याशी धरून ठेवणारा मोठा वाटोळा ब्रोच हा त्या पोशाखातला सर्वांत देखणा दागिना. अधिकाऱ्याला गणवेश पदरमोड करून घ्यावा लागे, म्हणून त्याचा ब्रोच बहुधा अस्सल चांदीचा असे. वाजंत्र्यांच्या वाट्याला साधा पांढरा धातू येई. आज हे ब्रोच जुन्या वस्तूंच्या लिलावांत विकले जातात. त्यांतल्या काहींवर हत्ती कोरलेला असतो आणि खाली ‘असई’ हा शब्द.

ही असई आपल्या जालना जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली. मराठ्यांचा तोफखाना इतका भारी होता, की ७४व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तोफा कंपनीच्या हाती गेल्यावरही मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार व जखमी झाले. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूही जिंकले, तरी आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घेई. ७४ आणि ७८ या दोन्ही हायलँडर पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले ते या दिवसामुळे. तो त्यांचा विजय होता, पण त्या चिन्हाचे मोल मराठी गोलंदाजांच्या चिवटपणाने ठरवले आहे, असे आम्हाला वाटते.

ब्रोच वाचता येतो. ब्रिटिश सैन्याच्या १८८१च्या फेररचनेत ७४वी पलटण ७१व्या पलटणीबरोबर हायलँड लाइट इन्फन्ट्रीत गेली आणि ७८वी सीफोर्थ हायलँडर्समध्ये. त्यामुळे आकडा असलेला ब्रोच सहसा त्याआधीचा, नवे नाव असलेला त्यानंतरचा. मागच्या बाजूचे हॉलमार्क आणखी नेमके सांगतात. किल्ला असला तर चांदीची तपासणी एडिंबरोला झालेली, नांगर असला तर बर्मिंगहॅमला. एका अक्षरावरून वर्ष कळते. राजाचे वा राणीचे मस्तक उमटवलेले असेल, तर वस्तू सहसा १८९० किंवा त्याआधीची; तेव्हा चांदीवरचा कर संपला आणि तो छापही गेला. ओतीव नकलेत कडा बोथट दिसतात आणि हॉलमार्क ठोकलेले न वाटता वितळल्यासारखे दिसतात. अशी वस्तू हाती आलीच, तर ती घासून लखलखीत करू नये. पॉलिशने आधी झिजतात त्या याच खुणा.

असईत कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई होते, त्यांत मद्रासच्या पलटणी. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरही हत्ती आहे. मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्याने असईसारखे, आपल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान साजरे करणे थांबवले. हा निर्णय योग्यच आहे. साजरे करणे आणि जपणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जपण्याच्या बाबतीत आपण फार मागे आहोत. लिलावात या ब्रोचचा भाव चांदीची अवस्था, घडणावळ आणि दुर्मीळता यांवर ठरतो. असईचे नाव त्यात वर्णनाची एक ओळ होऊन उरते. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांनी असे ब्रोच शक्य तिथे मिळवावेत आणि मराठ्यांच्या तोफांच्या शेजारी मांडावेत. खाली पलटणीच्या नावाबरोबर असईचा नकाशा असावा, लढाईची तारीख असावी, आणि ज्यांच्या माऱ्यापुढे ७४वी पलटण कोसळली त्या शिंद्यांच्या गोलंदाजांचा उल्लेखही.