उसाचे बिल आणि कॉलेजची फी



बारावीचे निकाल लागले की गट ऑफिसात ऊसबिलाच्या पुढल्या हप्त्याची विचारणा वाढते. पूर्वी हा पैसा विहिरीत, मोटारीत, लग्नकार्यात जाई. आता तो कॉलेजात जातो. जावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्याच शाळांत आपल्यातले कितीतरी जण शिकले. पण शिक्षणाचाही हिशेब पाहिलाच पाहिजे.

1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी कॉलेजे निघाली. पोरांची पुण्या-मुंबईची पायपीट वाचली, हे मोठेच काम झाले. मात्र विनाअनुदान म्हटले की प्राध्यापकांच्या पगारापासून सगळा खर्च फीतूनच भागवायचा, आणि ती दरसाल वाढायची.

मग कर्ज आले. समजा, चार वर्षे दरसाल 1 लाख रुपये 10 टक्क्यांनी उचलले. शिक्षण संपून आणखी एक वर्ष हप्ता नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. सरळ व्याजानेच ते 50, 40, 30 आणि 20 हजार, म्हणजे 1 लाख 40 हजार होते. पहिला हप्ता भरायच्या आधीच देणे 5 लाख 40 हजारांवर गेलेले असते. टनाला 3000 रुपये हाती पडतात असे धरले, तर हा 180 टन ऊस झाला, तोही लागवडीचा खर्च न धरता! पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते. हे कर्ज नोकरीतून फिटायचे, आणि नोकरीची हमी कोणी देत नाही.

सवलती आहेत. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, पात्र प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सरकार भरते. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण दाखला वेळेवर निघाला नाही की सवलत हुकते. शिवाय मेस, एस. टी., पुस्तके यांचा खर्च उरतोच.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या संस्थांनी चारही वर्षांचा एकूण खर्च प्रवेशाआधी लेखी सांगावा. गट ऑफिसात जून-जुलैत दाखले व अर्ज भरून देणारा माणूस बसवावा. आणि गरजू सभासदाच्या पाल्याचे शिक्षण चालू असेतोवरचे व्याज कारखान्याने भरावे. त्याने संस्थेच्या दर्जाला धक्का लागत नाही, कारण फी तिला पुरीच मिळते.

पैसा कुठून आणायचा, असे कोणी विचारील. टनामागे काही पैसे कापून आपण शाळा-कॉलेजे उभी केली, तेव्हा ती कपात कोणाला जड झाली नाही. येत्या वार्षिक सभेत अहवाल वाचून होताच ‘मंजूर, मंजूर’ म्हणून जेवायला उठू नका. हा विषय मांडा.