आपले चित्रपटगृह, परका प्रेक्षक

चित्रपटगृहाच्या खिडकीत पैसे मोजणारा माणूस दोन-अडीच तासांची निश्चिंती विकत घेत असतो. चित्रपट बरा निघेल की वाईट, याची हमी कोणीही त्याला देऊ शकत नाही आणि तोही ती मागत नाही. परंतु जाहीर केलेल्या वेळी खेळ सुरू व्हावा, पडद्यावरचे नीट दिसावे व ऐकू यावे, बसावयास धड खुर्ची मिळावी आणि काही विचारले असता माणुसकीचे उत्तर यावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. राज्याच्या एका प्रमुख शहरातील, गोमंतकीय मालकाच्या हाती असलेल्या एका जुन्या चित्रपटगृहात ही साधी अपेक्षाही पुरी होत नाही, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येत आहे. आम्ही स्वतः तेथे जाऊन पाहिले तेव्हा तक्रारींत अतिशयोक्ती नसल्याचे आढळून आले. त्या चित्रपटगृहाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन आम्हांस वाटत नाही. दुखणे एकट्या त्याचे नाही आणि ज्याचे त्याला ते बरोबर उमगेल.

तक्रारींचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. साडेसहाचा खेळ म्हणून जाहिरात होते. प्रेक्षक येऊन ठेपतात. तिकिटाची खिडकी मात्र पावणेसातपर्यंत उघडत नाही. उघडली की, ‘दहा माणसे झाली तर खेळ लावू,’ असे आतून ऐकू येते. दहावा माणूस आला नाही तर पहिल्या नऊ जणांनी, त्यांत खेड्यापाड्यांतून शेवटच्या बसचा हिशेब मांडून आलेल्यांनीही, मुकाट्याने घरी परतावयाचे. दूरध्वनीवर आगाऊ चौकशी करावी तर तो उचलला जात नाही. तिकिटावर आसनाचा क्रमांक छापलेला असतो, परंतु अंधारात जागा दाखविणारे कोणी नसते. ‘कोठेही बसा’ हाच तेथील नियम. मध्यंतरानंतर वातानुकूलन यंत्र बंद होते आणि प्रेक्षक घामाने निथळू लागतो. पडद्यावरील प्रकाश इतका मंद, की रात्रीचा प्रसंग आला म्हणजे नायक कोणता आणि खलनायक कोणता हे आवाजावरून ओळखावे लागते. स्वच्छतागृहांविषयी तर संपादकीय स्तंभात फार लिहिणे प्रशस्त नव्हे. या साऱ्यावर कोणी तक्रार केलीच, तर व्यवस्थापकाचे उत्तर ठरलेले आहे: ‘पटत नसेल तर येऊ नका.’

आमच्या मते या साऱ्या गैरसोयींत सर्वांत गंभीर बाब हे उत्तरच होय. मोडकी खुर्ची दुरुस्त करावयास पैसा लागतो. उत्तर सुधारावयास एक कपर्दिकही लागत नाही. आणि दुर्दैव असे, की प्रेक्षकांनी तो सल्ला अक्षरशः मानला आहे. ते येईनासे झाले आहेत.

मालकांची म्हणून एक बाजू आहे आणि ती न ऐकता निकाल देणे आम्हांस योग्य वाटत नाही. एकपडदा चित्रपटगृह चालविणे हा आज फायद्याचा धंदा राहिलेला नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, त्याच वर्षी राजधानीत बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले आणि प्रेक्षकाची सुखसोयींची कल्पनाच पालटली. २०२० साली महामारीने देशभरातील पडदे कित्येक महिने बंद पाडले. त्या काळात घरबसल्या चित्रपट पाहण्याची जी सवय लागली, ती पुढे सुटली नाही. नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यातील उत्पन्नाचा मोठा वाटा वितरकाकडे जातो. मोठे सभागृह थंड ठेवण्याचा विजेचा खर्च शंभर प्रेक्षक असोत वा नऊ, सारखाच येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे मालकाने विचारले तर त्याला अगदीच निरुत्तर करता येणार नाही.

तथापि या अडचणींनी तक्रारींतील निम्म्याचेही समर्थन होत नाही. खेळ रद्द करावयाचा झाल्यास तसे दुपारीच कळवावे, यास वीज लागत नाही. खिडकी वेळेवर उघडावयास वितरकाची परवानगी लागत नाही. शिवाय तिकिटाचा मोठा वाटा वितरकाकडे जात असेल, तर मालकाच्या पदरी राहणारी मिळकत मुख्यतः मध्यंतरातील खाद्यपेयांची. ती तर सर्वस्वी प्रेक्षकाच्या खुशीवर अवलंबून आहे. मध्यंतरात चरफडत बाहेर येणारा माणूस चहा घेत नाही. तो घड्याळ पाहतो आणि घरची वाट धरतो. हेळसांड करून काटकसर साधते, असे ज्यांस वाटते त्यांनी आपलाच हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा.

मालकांकडून आणखी एक युक्तिवाद केला जातो आणि त्याचा परामर्श घेणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. ‘आम्ही येथलेच, बाहेरच्या कंपन्यांनी बाजार काबीज केला असता आपल्या माणसांनी आम्हांला सांभाळून घ्यावे,’ असे ते म्हणतात. भावनेला हे आवाहन सहज भिडते, कारण आपल्या भूमीतील व्यवसाय आपल्या माणसांच्या हाती राहावेत असे कोणास वाटत नाही? परंतु ‘आपला तो बाब्या’ या न्यायाने गैरसोय पोटात घालावयास प्रेक्षकाने किती काळ तयार राहावे? मालक येथला, याचा अर्थ त्याला प्रेक्षकाचे नाव-गाव ठाऊक आहे, शेवटची बस कितीला सुटते हे ठाऊक आहे, चतुर्थीच्या आणि जत्रेच्या दिवसांत कोण कोठे असतो हेही ठाऊक आहे. दूरच्या शहरात बसून येथल्या पडद्यांचे वेळापत्रक आखणाऱ्या कंपनीला यांतले काही ठाऊक नसते. ही माहिती हेच स्थानिक मालकाचे खरे भांडवल आणि तेच तो वाया घालवीत आहे. बाहेरच्या कंपनीचा नोकर गणवेशात उभा राहून ‘या, बसा’ म्हणतो आणि आपला माणूस ‘येऊ नका’ म्हणतो, तेव्हा आपलेपणाची भाषा मालकाच्या तोंडी शोभत नाही.

गोमंतकाला प्रेक्षकांचे आतिथ्य नव्याने शिकविण्याची गरज नाही. आपल्या देवस्थानांच्या प्रांगणांत जत्रेच्या रात्री नाटके होत आली. तिकीट नसे, मंडप साधा असे, पहाट होईपर्यंत खेळ चाले. तरीही वृद्धांना पुढे जागा मिळे, स्त्रियांना संकोच वाटू नये अशी व्यवस्था असे आणि परगावच्या पाहुण्याला पाणी विचारल्यावाचून कोणी राहत नसे. ज्या भूमीने मास्टर दीनानाथांसारखा नटगायक मराठी रंगभूमीला दिला, त्या भूमीत रसिकाला दारातून परतविणे हा केवळ धंद्यातील गलथानपणा म्हणता येणार नाही. येथल्या रीतीचाच तो भंग आहे.

रीतीचा मान राहत नसेल तर कायद्याचे स्मरण देणे प्राप्त होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मज्जाव करण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला. परंतु त्याचबरोबर प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी वाजवी प्रमाणात खाऊ नेऊ दिला पाहिजे, हेही स्पष्ट केले. निर्णयाचा पहिला भाग दारावर ठळक अक्षरांत लावणारे मालक दुसऱ्या भागाविषयी मौन पाळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. लहान रकमेच्या तक्रारीस शुल्क पडत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. आमच्या वाचकांनी हा मार्ग ध्यानी ठेवावा. मालकांनी तर तो अधिकच ध्यानी ठेवावा.

एका गोष्टीत मात्र सबुरीस मुळीच जागा नाही. कर्मचारी कमी म्हणून बाहेर पडण्याचे बाजूचे दरवाजे कुलूपबंद ठेवले जातात, असे काही वाचकांनी आमच्या निदर्शनास आणले आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली, तेव्हा ५९ माणसे प्राणास मुकली. जादा आसने बसवून सज्जातील बाहेर पडण्याची वाट अडविलेली होती आणि माणसे धुराने गुदमरली. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबमध्ये लागलेल्या आगीत २५ जणांचा अंत झाला. ती जखम अद्याप ताजी आहे. कुलूप लावणाऱ्याचा हेतू फुकट्यांना अडविण्याचा असेल. आग हेतू विचारत नाही. अग्निशमन दलाने व परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनी खेळ चालू असताना, पूर्वसूचना न देता जाऊन ही दारे तपासावीत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

शासनाने आपल्या परीने थोडा हात पुढे केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभरावरील तिकिटांचा कर पूर्वीइतकाच, म्हणजे १८ टक्के राहिला. या सवलतीचा लाभ साहजिकच स्वस्त तिकिटांच्या जुन्या चित्रपटगृहांना अधिक मिळावयाचा. त्यातील काही अंश तिकिटाचा दर उतरविण्यात आणि काही अंश प्रक्षेपकाचा दिवा बदलण्यात, स्वच्छतागृहांना एक कायमचा सफाईगार देण्यात खर्च झाला, तर सवलत सार्थकी लागली असे म्हणता येईल.

हा प्रश्न एका मालकाच्या नफ्यातोट्यापुरता असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. गोव्यातील मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या पडद्यांचे मोल मोठे आहे. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाच्या वाट्याला अनेकदा अडनिड्या वेळेचा एखादा खेळ येतो आणि चित्रपटाची कीर्ती कानी पडेपर्यंत तो उतरलेलाही असतो. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ने स्त्रियांना मैत्रिणींचा मेळा जमवून घराबाहेर काढले. २०२५ साली आपल्याच किनारपट्टीच्या लोककलेचे नाव धारण करणाऱ्या ‘दशावतार’ने पुन्हा गर्दी खेचली. प्रेक्षक आटलेला नाही, हे यावरून दिसून येते. चांगला चित्रपट आणि नीट व्यवस्था मिळाली तर तो येतो. पण वीस स्त्रियांच्या मेळ्याला स्वच्छतागृहाच्या दारातून नाक धरून परतावे लागले, तर तो मेळा पुढच्या चित्रपटाला कोठे जाईल?

पणजीचे सिने नॅशनल बंद पडले ते पुन्हा उघडले नाही. चित्रपटगृह एकदा मिटले की त्या जागेला दुकानांच्या गाळ्यांचे डोहाळे लागतात आणि शहर एका सार्वजनिक जागेला कायमचे मुकते. म्हणूनच मालकांना आमचे सांगणे आहे, की जाहीर केलेला खेळ प्रेक्षक मोजके असले तरी दाखवावा; रद्द करणे अटळच असेल तर वेळीच कळवून पैसे विनातक्रार परत करावेत; पिण्याचे पाणी ठेवावे, दारे उघडी ठेवावीत आणि तक्रार ऐकून घेण्यास समंजस माणूस नेमावा. प्रेक्षकांनीही आसने फाडणे, भिंतींवर थुंकणे आणि अंधारात दूरध्वनी उजळीत बसणे सोडले पाहिजे. अन्यथा मालकाला बोल लावण्याचा त्यांचा अधिकार उणावतो. इतके साधले तर आपल्या माणसाच्या चित्रपटगृहात जाण्यासाठी कोणाला अभिमानाची आठवण करून द्यावी लागणार नाही. लोक आपल्या पायांनी येतील.