तारेत आज किती व्होल्ट आहेत?

शेतभेटीत हल्ली एक तक्रार वारंवार कानी येते : ‘झटका मशीन टिकटिक करते आहे, तरीही रानडुकरे आणि मोकाट गुरे शिरतातच.’ किडींची संख्या मोजल्याशिवाय फवारणीचा सल्ला देऊ नये, हा कीटकशास्त्राचा पहिला धडा. त्यामुळे अशा वेळी माझा प्रश्न ठरलेला असतो : तारेत आज किती व्होल्ट आहेत? बहुतेकदा उत्तर मिळत नाही, कारण ते कधी मोजलेलेच नसतात. माझ्या मते सौर कुंपणाच्या अपयशाचे मूळ यंत्रात कमी आणि या न मोजण्यात अधिक आहे.

झटका कुंपण ही भिंत नव्हे; तो जनावराच्या मनातील धाक आहे. यंत्र साधारणपणे सेकंदाला एक, अत्यल्प काळाचा झटका सोडते. तो वेदना देतो; दोन झटक्यांमधील अवधीत जनावराला मागे हटता येते. मात्र काही दिवस तारेत झटका नसेल, तर ‘या तारेला भिण्याचे कारण नाही’ हेही जनावर शिकते. गेलेला धाक पुन्हा बसवणे कठीण असते.

दोष शोधताना क्रम पाळावा. प्रथम यंत्र बंद करून तार सोडवावी, पुन्हा चालू करून यंत्राच्या टोकांवर मोजणी करावी. तेथेच दाब कमी असेल, तर बॅटरी, पॅनेलवरील धूळ आणि यंत्र तपासावे. तेथे दाब पुरेसा असेल, तर दोष तारेत किंवा अर्थिंगमध्ये आहे. तारेचे टप्पे पाडून एकेक टप्पा वेगळा केला, की गळतीची जागा सापडते. तारेला टेकलेले गवत, तडकलेला इन्सुलेटर, गंजलेला सांधा ही नेहमीची कारणे. मुंग्या आणि पाली यंत्राच्या पेटीत शिरून बिघाड करतात, हेही ध्यानात ठेवावे. गुरांसाठी कुंपणाच्या शेवटच्या टोकाला किमान ३००० व्होल्ट मिळावेत. मोजणीसाठी कुंपणाचाच व्होल्टमीटर हवा. साधा मल्टिमीटर हे क्षणिक झटके नीट मोजू शकत नाही आणि बिघडूही शकतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. झटका तारेतून जनावरात, तेथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईवाटे यंत्राकडे परततो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, सळईभोवतीची माती सुटते आणि हा परतीचा मार्ग खुंटतो. अशा वेळी तारेवरील आकडा चांगला दिसतो, पण जनावराला झटका बसत नाही. याची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद करून, त्यापासून किमान १०० मीटरवर लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवाव्यात. यंत्र चालू केल्यावर तारेतील दाब २००० व्होल्टच्या खाली यायला हवा. न आल्यास सळया वाढवाव्यात. मग अर्थिंगची शेवटची सळई आणि तिच्यापासून मीटरभर दूर रोवलेली खुंटी यांमधील दाब मोजावा. तो ३०० व्होल्टपेक्षा अधिक भरला, तर अर्थिंग अपुरे आहे. सुमारे दोन मीटर लांबीच्या तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, तीन-तीन मीटर अंतरावर, ओलसर जागी असाव्यात. उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी घालावे. घराच्या वीजजोडणीचे अर्थिंग यासाठी मुळीच वापरू नये.

या साऱ्याला मी एवढे महत्त्व का देतो? निकामी कुंपण शेतकऱ्याला एका भयंकर वाटेवर नेते. रात्रभर राखण करून थकलेला, हाती आलेले पीक गमावलेला माणूस घरगुती वीजच तारेत सोडतो. तो प्रवाह अखंड असतो. झटकून मागे हटण्याची संधी देत नाही. त्यात वन्यप्राणी मरतात, गुरे मरतात आणि अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा स्वतः शेतकरीही मरतो. हा गुन्हा आहे, हे सांगणे आवश्यकच. पण तेवढ्याने भागत नाही. सुरक्षित कुंपण चालते कसे ठेवावे, हे शिकवणे ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. यंत्राच्या वाटपासोबत गावात किमान एक कुंपण व्होल्टमीटर असावा. पाहणी करताना ‘मशीन आहे का?’ असे न विचारता तारेच्या शेवटच्या टोकाला दाब मोजावा. शेतकरी बंधू-भगिनींनी तो आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहावा, पावसाळ्यात तारेखालचे गवत काढण्याच्या दिवशी तर अवश्य लिहावा. पंधरा मिनिटांचे हे काम पीक वाचवील आणि कदाचित एखादा जीवही.