रात्रीची लाईट आणि सोबतीला कुत्रं



आज खत-औषधाचं काही नाही. आज कुत्र्याबद्दल लिहायचंय. वाचून काही जणांना राग येईल, येऊ द्या.

आपल्या ऊसपट्ट्यात एक समज पक्का बसलाय. रात्री दारं धरायला जायचं तर कुत्रं सोबत न्यायचं. कुत्रं पुढं चालतं, वास घेतं, भुंकतं, आणि बिबट्या बाजूला होतो. बायका पण घरातून निघताना हेच सांगतात, "एकटे जाऊ नका, कुत्र्याला घेऊन जा." सांगणाऱ्याची माया खरी आहे, पण सल्ला चुकीचा आहे. रात्री उसाच्या कडंनं मोकळं कुत्रं घेऊन चालणारा माणूस बिबट्याचं जेवण सोबत घेऊन चालतो.

हे माझ्या मनाचं सांगत नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो हे तपासलं. 2014 साली ते छापून आलं. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं 87 टक्के पाळीव आणि गावातली जनावरं निघाली. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचा, 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सुमारे सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा फक्त 11 टक्के.

आता जरा थांबून विचार करा. शेळ्या सातपट असून बिबट्या कुत्रंच का खातो? शेळी त्याला आवडत नाही असं थोडंच आहे. शेळीमागं दिवसभर माणूस असतो आणि रात्री शेळी कोंडलेली असते. कुत्रं मात्र रात्रभर मोकळं. उकिरड्यावर, ओढ्याला, रस्त्याच्या कडंला, बांधावर. बिबट्या हिशोबी जनावर आहे. जे मोकळं आणि बिनधास्त फिरतं ते तो उचलतो. ऊस त्याला लपायला जागा देतो आणि आपली मोकाट कुत्री त्याला खायला देतात. पोटापाण्याची सोय आपण केली आणि तो जात का नाही म्हणून बोंब पण आपणच मारतो.

"पण कुत्रं भुंकून सावध करतं ना?" हो, करतं. घरापाशी, जाळीच्या आत बांधलेलं कुत्रं लाख मोलाचं. ते भुंकलं की आपण लाईट लावतो, आरडाओरडा करतो, जनावर निघून जातं. पण तेच कुत्रं बांधावर मोकळं असलं की गोष्ट उलटी होते. ते वासावर उसात घुसतं. आत बिबट्याशी गाठ पडली की जीव घेऊन परत पळतं, आणि परत पळतं ते थेट मालकाच्या पायात. म्हणजे बिबट्या कुत्र्यामागं आणि कुत्रं तुमच्यामागं.

आमच्या शिवारात गेल्या हंगामात हेच झालं. शेजारचा पोरगा रात्री दोनला दारं मोडायला गेला. कुत्रं पुढं गेलं, सरीत शिरलं आणि केकाटत येऊन त्याच्या दोन पायांत घुसलं. मागोमाग बिबट्या, दहा-बारा फुटांवर. पोरगं बेडर म्हणून वाचलं. खाली वाकलं नाही, पळालं नाही. खोरं डोक्यावर धरून जागेवर उभं राहून ओरडत राहिलं. बिबट्या थोडा वेळ बघत राहिला आणि वळला. दुसऱ्या दिवशी पारावर सगळे म्हणाले, "कुत्र्यानं वाचवलं." मी तिथंच म्हणालो, कुत्र्यानं बोलावून आणला, वाचला तो पोरगा स्वतःच्या हिमतीनं.

आणि फक्त बिबट्याच नाही. पिलंवाली डुकरीण समोर आली की कुत्रं तिच्या अंगावर जातं, ती कुत्र्याला फाडते आणि तशीच माणसावर येते. साळिंदराच्या नादी लागलेल्या कुत्र्याच्या तोंडात काटे घुसतात. पाचटात बसलेल्या घोणशीला नाक लावलं तर कुत्रं गेलंच. मोकळं कुत्रं झोपलेलं भांडण उठवतं, आणि निस्तरायला आपण असतो.

आता मुद्द्याचं. कुत्रं न्यायची वेळ आपल्यावर आणली कोणी?

गावच्या वेशीवर बोर्ड असतो, "बिबट्याप्रवण क्षेत्र. रात्री एकटे बाहेर पडू नका." बोर्ड बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेतीच्या थ्री फेजचं वेळापत्रक बघा. पाळी फिरती. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मध्यरात्रीची लाईट आली की शेतकऱ्याला उठावंच लागतं. म्हणजे सरकारचं एक खातं सांगतं बाहेर पडू नका आणि दुसरं खातं सांगतं बाहेर पडा नाहीतर ऊस वाळवा. दोन्ही खात्यांची सही एकाच सरकारची. ह्या दोन कागदांच्या मध्ये जी फट आहे, त्या फटीत रात्री दोन वाजता एक माणूस, एक बॅटरी आणि एक कुत्रं उभं असतं.

माणूस गेला की घरच्यांना सरकारी मदत आता 25 लाख आहे. मदत मिळावीच, त्यावर वाद नाही. पण त्या फीडरला दिवसा लाईट द्यायला काय लागतं ते पण कोणीतरी मांडा की. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला. दिवसा वीज हाच तिचा उद्देश. मग माझं साधं म्हणणं आहे. सगळीकडं एकदम होणार नसेल तर आधी कुठं, हे नकाशावर ठरवा. ज्या गावांत बिबट्यानं माणसावर हल्ला केलाय त्या गावांची यादी वनखात्याकडं आहे. फीडरची यादी वीज कंपनीकडं आहे. दोन्ही याद्या एका टेबलावर ठेवा आणि त्या फीडरची रात्रीची पाळी पहिल्यांदा बंद करा. त्याला नवीन कायदा लागत नाही, समिती लागत नाही.

हे होत नाही, कारण आपण मागतच नाही. आपण मागतो काय? "सगळे बिबटे उचला आणि लांब नेऊन सोडा." जुन्नरला हे करून बघितलंय. 2001 ते 2003 च्या काळात ठिकठिकाणचे बिबटे धरून जुन्नरच्या जंगलात आणून सोडले. आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरं येतं. कारण खाणं तिथंच आहे. उकिरडा न हलवता माशा हाकलण्यातला हा प्रकार. माणसावर चटावलेला बिबट्या धरलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण धरण्याला उपाय समजून झोपू नका.

दुसऱ्या बाजूला शहरातले प्राणिप्रेमी. ते म्हणतात, "तुम्ही त्यांच्या घरात घुसलात." बाबांनो, जरा इकडं या. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. हा बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. तोडणी टोळीला सरीत त्याची पिल्लं सापडतात. त्याचं घर आणि आमचं वावर आता एकच आहे, कोणी कोणाकडं घुसलं हा वाद संपलाय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात दोन लेकरं आणि एक म्हातारी गेली. त्यानंतर पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात कामाला गेली. जो पट्टा आपण धनगरी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचो, तो माणसानं स्वतःच्या गळ्यात बांधला. हा फोटो बघून ज्याला हसू आलं त्यानं एक रात्र आमच्या बांधावर काढावी.

अजून एक नवीन जमात आलीय, फार्महाऊसवाली. हौसेची परदेशी कुत्री, पहाटे पाचला अंधारात फिरवायची, आणि पट्टा खिशात. "आमचा शिकवलेला आहे, लांब जात नाही." बिबट्याला शिकवलंय का कोणी? पहाटेचा आणि सांजेचा अंधार हीच त्याची फिरायची वेळ. कुत्रं फिरवायचंच असेल तर उजाडल्यावर, दोरीला धरून आणि उसापासून लांबच्या रस्त्यानं फिरवा. तुमच्या कुत्र्यामागं आलेला बिबट्या पुढच्या घराच्या ओट्यावर जातो, तिथं पोरं झोपलेली असतात.

आता कृषी सहायक, ऊस विकास अधिकारी, शास्त्रज्ञ मंडळी, तुम्हाला पण सांगायचंय. तुमच्या पत्रकात सरीचं अंतर असतं, बेणेप्रक्रिया असते, खताचा हप्ता असतो. पण घरापासून ऊस किती लांब असावा, हे मी पाहिलेल्या एकाही पत्रकात नाही. आमच्याकडं पडवीला टेकून ऊस उभा आहे. घर आणि गोठ्याभोवती 30-40 फुटांचा पट्टा कांदा, मेथी, भुईमूग, घास असल्या बुटक्या पिकाला ठेवा, एवढी एक ओळ छापा. ठिबकचा प्रचार करताना पाणीबचतीबरोबर हे पण सांगा की ठिबकवाल्याला रात्री दारं मोडायला उसात शिरावं लागत नाही. शेतकऱ्याला हे कारण टनेजपेक्षा लवकर पटेल.

आणि आपल्या हातात काय आहे ते बघू. लाईट सरकारच्या हातात आहे, कुत्रं आपल्या हातात आहे.

दिवस मावळायच्या आत कुत्रं आत घ्या. पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजूनं जाळी पाहिजे. नुसतं साखळीनं उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. माझी दोन्ही कुत्री साडेसहाला गोठ्याच्या जाळीत जातात, रात्री तिथूनच भुंकतात.

मेलेल्या कोंबड्या, वार, मेलेलं वासरू ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा घेऊन पुरा. पोल्ट्रीवाल्यांनो, हे खास तुम्हाला.

रात्री जावंच लागलं तर दुसरा माणूस न्या. जोडीदारासारखी सोबत नाही. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा, काठीला घुंगरू बांधा, बॅटरी चांगली ठेवा. उसाला लागून वाकून बसू नका. वाकलेला माणूस आणि लहान लेकरू त्याला जनावराएवढंच दिसतं.

कुत्रं सोबत असताना बिबट्या समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, कुत्र्याला उचलायला वाकू नका. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्यानं ओरडा आणि तोंड त्याच्याकडंच ठेवून हळूहळू मागं सरका. कुत्र्याची दोरी मनगटाला कधीच गुंडाळू नका. बिबट्यानं कुत्रं धरलं तर दोरी सोडून द्या. वाईट वाटतं, पण सोडा. नंतर वनखात्याच्या 1926 नंबरला कळवा.

कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचा. कोल्हा, मुंगूस, दुसरं कुत्रं, काहीही चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. माणसाला चावलं तर तेवढंच धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

आणि शेवटचं, पुढच्या ग्रामसभेला पिंजऱ्याचा ठराव करालच, त्याच्या खाली अजून एक ठराव लिहा: "आमच्या गावच्या शेती फीडरला रात्रीची पाळी नको, दिवसाच लाईट द्या." फीडरचं नाव घाला, तारीख घाला, पोचपावती घ्या. एका गावाचा कागद टोपलीत जातो. शंभर गावांचा जात नाही.

कुत्र्यानं आपली राखण हजार वर्षं केली. पण सरकारनं दिवसा लाईट द्यायची ती देत नाही, म्हणून त्याची भरपाई कुत्र्याच्या जिवानं करायची, हे काही बरोबर नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खाली मुद्द्यानं लिहावं. ज्याला पटलं त्यानं आज संध्याकाळी कुत्रं आत घ्यावं.