शेजारचा सोऱ्या

दिवाळीत ऐन वेळी सोऱ्या मोडला की आपण शेजारी धावतो. भाजणी आपली, सोऱ्या शेजारचा. म्हणून चकली काही शेजाऱ्यांची होत नाही. धर्मविचारात मात्र एवढ्यावरून मोठी भांडणे होतात. त्यांतले एक आमच्या नागपूरच्या दारापर्यंत आले होते.

ब्रह्मबांधव उपाध्याय हे जन्माने बंगाली ब्राह्मण. १८९१ साली ते ख्रिस्ती झाले, पण पुढे अंगावर घातली ती संन्याशाची भगवी वस्त्रे. त्यांचे म्हणणे साधे होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी ॲरिस्टॉटलच्या आधाराने केली. ॲरिस्टॉटल कुठे ख्रिस्ती होता? १८७९ साली पोप तेरावे लिओ यांनी अक्विनासांच्याच तत्त्वज्ञानाचा पुन्हा पुरस्कार केला. मग भारतात तेच काम वेदान्ताने का करू नये? १८९८ साली उपाध्यायांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याला ‘सच्चिदानंद’ म्हणून वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले.

१८९९ साली त्यांनी जबलपूरला नर्मदाकाठी मठ काढला. जबलपूर तेव्हा नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत. बिशप पेल्व्हा यांनी प्रथम अनुकूलता दाखवली. पण पोपचे प्रतिनिधी झालेस्की यांना ते रुचले नाही. मठ लवकरच मोडला.

झालेस्कींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण आपल्याच नीळकंठशास्त्री गोऱ्यांचे काय? ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांशी वाद मांडला. जीवच ब्रह्म असेल, तर पाप कोणी केले आणि क्षमा कोणी कोणाला करायची, ही त्यांची शंका शेवटपर्यंत खरी होती. सोऱ्यात शेवेची ताटली घातली, तर भाजणी कितीही उत्तम असो, चकली होणार नाही!

म्हणजे तत्त्वज्ञान हे नुसते भांडे नव्हे. ते आतल्या पदार्थाला आकार देते. म्हणूनच ते पारखून घ्यावे लागते. पण पारखायचे तर आधी हाती घेतले पाहिजे. उपाध्यायांना ती संधीच मिळाली नाही.

१९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांवरील आपल्या पत्रात भारतीय ख्रिस्ती लोकांना सुचवले, की या देशाच्या विचारधनातून श्रद्धेशी जुळेल ते घ्यावे. मठ मोडल्याला तेव्हा नव्याण्णव वर्षे झाली होती. उपाध्याय १९०७ सालीच गेले होते.

शेजारी सोऱ्या द्यायला तयार होता. मागायला परवानगी मिळेपर्यंत दिवाळी मात्र उलटून गेली!